समुद्रकांठचा धातुशोध

रिकाम्या हातांनीं परत येणें हा मराठींत निराशेचा वाक्प्रचार आहे. बाजाराला गेलेला, नोकरीच्या शोधांत निघालेला किंवा उसनवारीसाठीं मित्राच्या दारीं गेलेला मनुष्य रिकाम्या हातांनीं परतला, म्हणजे त्याची खेप व्यर्थ गेली असें सारे समजतात. परंतु जगांत असाहि एक छंद आहे, कीं ज्याचे भक्त बहुतेक दिवशीं रिकाम्या हातांनींच घरीं येतात, आणि तरीहि दुसऱ्या दिवशीं पहाटे तितक्याच उत्साहानें पुनः बाहेर पडतात. हा छंद म्हणजे यंत्राच्या साह्यानें समुद्रकांठच्या वाळूंत दडलेल्या धातूच्या वस्तूंचा शोध. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांच्या किनाऱ्यांवर सूर्योदयाच्या सुमारास असे शोधक दृष्टीस पडतात. त्यांत तरुण असतात, तसेच नोकरींतून निवृत्त झालेले वृद्धहि असतात.

मेटल डिटेक्टर हें यंत्र शहरांतील कुटुंबांना अपरिचित नाहीं. विमानतळावर किंवा मोठ्या देवस्थानाच्या प्रवेशद्वारीं त्याच्या चौकटींतून सर्वांनाच जावें लागतें. समुद्रकांठीं वापरावयाचें यंत्र त्याच कुळांतील, पण रूपानें निराळें. एक लांब दांडी, तिच्या खालच्या टोकाला जेवणाच्या ताटलीएवढें तारेचें वेटोळें, वरच्या टोकाला एक लहानशी पेटी, आणि त्या पेटीला जोडलेले कानांवर बसणारे हेडफोन. शोधक हें वेटोळें वाळूपासून दोन बोटें वर धरून डावीउजवीकडे फिरवीत सावकाश चालतो. कानांत ध्वनि उमटला, कीं तो थांबतो, भोंकें पाडलेल्या फावड्यानें वाळू उपसून चाळतो, आणि मागें जें उरेल तें पाहतो. जें उरतें तें बहुधा बाटलीचें बूच असतें, गंजका खिळा असतो, किंवा मासे धरणाऱ्याच्या गळाचें शिसें असतें.

मग या उद्योगांत आनंद तो कसला? हा लोभाचाच एक प्रकार, आणि त्यांतहि फसलेल्या लोभाचा, असें कोणी म्हणेल. या आक्षेपाची परीक्षा करावयाची, तर जेथील वाळूंत खरोखरच सोनें आहे अशा किनाऱ्याकडे पाहणें बरें. सोनें असूनहि तें हातीं येत नाहीं, अशा ठिकाणीं मनुष्य कशाच्या बळावर टिकतो, हें तेथेंच स्पष्ट दिसेल.

असा किनारा अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्याच्या पूर्वेस आहे. त्याला तिकडे ‘ट्रेझर कोस्ट’, म्हणजे खजिन्याचा किनारा, असेंच म्हणतात. इ. स. १७१५ च्या जुलै महिन्याच्या २४ तारखेस क्यूबांतील हवाना बंदरांतून बारा जहाजांचा एक तांडा युरोपकडे निघाला. स्पेनच्या अमेरिकेंतील टांकसाळींत पाडलेलीं सोन्यारुप्याचीं नाणीं त्यावर लादलेलीं होतीं. ३० जुलैच्या रात्रीं त्यास चक्रीवादळानें गांठलें, आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत बारांपैकीं अकरा जहाजें किनाऱ्यालगत फुटून गेलीं. एक फ्रेंच जहाज काय तें वांचलें. सुमारें एक हजार माणसें प्राणास मुकलीं. पुढें स्पॅनिश सरकारनें किनाऱ्यावर तळ देऊन बुडालेल्या धनाचा मोठा भाग वर काढला. उरलेला भाग वाळूनें व लाटांनीं आपल्या ताब्यांत घेतला. तेव्हांपासून एखादें मोठें वादळ होऊन गेलें, कीं त्या किनाऱ्यावर अधूनमधून एखादें जुनें नाणें उघडें पडतें.

या नाण्यांचें मूळ ज्यानें आपल्या काळीं पुनः शोधून काढलें तो किप वॅग्नर हा मनुष्य विद्वान नव्हता. त्याचा व्यवसाय घरें बांधण्याचा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो या किनाऱ्यावर नाणीं वेंचूं लागला, आणि पुढें युद्धांतून उरलेलें एक जुनें धातुशोधक यंत्र त्यानें मिळविलें. नाणीं वेंचणारे त्या भागांत इतरहि होते. वॅग्नरचें वेगळेपण हें, कीं त्यानें नाण्यांवरील सालें वाचलीं. आणि १७१५ नंतरचें साल कोणत्याच नाण्यावर नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें. नाणीं जर निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या जहाजांतून पडलीं असतीं, तर असें झालें नसतें. याचा अर्थ एवढाच होऊं शकत होता, कीं तीं सर्व एकाच घटनेचीं आहेत. त्याच्या एका डॉक्टर मित्रानें ग्रंथालयांतील जुनीं पुस्तकें धुंडाळलीं, आणि १७७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या फ्लॉरिडाच्या एका वर्णनांत या जहाजांचा ठावठिकाणा सांपडला. पुढें यंत्राच्या साह्यानें वॅग्नरला स्पॅनिश लोकांच्या तळाची जागाहि मिळाली. आज त्या जागीं एक वस्तुसंग्रहालय उभें आहे. वॅग्नरनें आपली हकीकत १९६५ च्या जानेवारींत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकांत सांगितली, तेव्हां ती जगभर गाजली. परंतु त्या यशाच्या मागें दहाबारा वर्षांचें निरीक्षण होतें, आणि त्या वर्षांतील कित्येक दिवस अर्थातच कोरडे गेलेले होते.

वर्तमानपत्रें सांपडल्याचीच बातमी देतात. २०१५ सालीं, म्हणजे त्या वादळास तीनशें वर्षें झालीं तेव्हां, याच किनाऱ्याजवळ परवानाधारक पाणबुड्यांना साडेतीनशेंच्या आसपास सोन्याचीं नाणीं मिळालीं. ती वार्ता सर्वत्र छापली गेली. त्या दिवशीं त्याच किनाऱ्यावर ज्यांना कांहींच मिळालें नाहीं, त्यांची बातमी कोण देणार? आणि कांहींच न मिळणें हाच तर नियम. साधें त्रैराशिक मांडून पाहावें. पुळण एक किलोमीटर लांब व तीस मीटर रुंद आहे असें समजूं. वेटोळें दोन्ही बाजूंना फिरवीत चालणारा मनुष्य एका वेळीं सुमारें दीड मीटरचा पट्टा धुंडाळतो. म्हणजे एवढ्या लहान पुळणीसाठीं वीस फेऱ्या, वीस किलोमीटर चाल. आणि ताशीं एक किलोमीटर या सावकाश गतीनें वीस तास. इतकें करूनहि यंत्राला एखादें नाणें कळावयाचें तें सुमारें एक फूट खोलीपर्यंतच. त्याखालीं काय आहे याचा पत्ता नाहीं, आणि वरच्या थराची रचना पुढच्या भरतीला बदललेली. लाभाच्या हिशेबानें पाहिलें, तर या धंद्यांत कोणी पडूं नये हेंच खरें.

परंतु शोधकाचें यंत्र त्याला लाभाखेरीज दुसरें कांहीं देत असतें. तें काय, हें समजण्यासाठीं यंत्राचें कार्य थोडें पाहिलें पाहिजे. वेटोळ्यांतून दिशा बदलत राहणारा विद्युत्प्रवाह खेळविला जातो. त्यामुळें त्याच्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें आणि तें वाळूंत शिरतें. त्या क्षेत्रांत धातूचा तुकडा आला, कीं त्याच्या अंगांत भोंवऱ्यासारखे बारीक प्रवाह फिरूं लागतात, आणि त्या प्रवाहांचें स्वतःचें एक दुबळें क्षेत्र तयार होतें. यंत्रांतील दुसरें वेटोळें ही दुबळी चाहूल टिपतें आणि पेटी तिचा ध्वनि करते. लोखंड, रुपें, शिसें यांत हे प्रवाह निरनिराळ्या रीतीनें उमटतात व विरतात. म्हणून सरावलेल्या कानाला प्रत्येकाचा स्वर निराळा लागतो. समुद्रकांठीं एक अडचण अधिक. खाऱ्या पाण्यांतून वीज वाहते, त्यामुळें ओली वाळूच कित्येकदां धातूचें सोंग घेऊन यंत्राला फसविते. यावर उपाय म्हणून कांहीं यंत्रें प्रवाहाचे क्षणिक ठोके देऊन मधल्या विरामांत ऐकतात, तर कांहीं एकाच वेळीं अनेक कंपनसंख्यांनीं काम करतात. तरीहि शेवटचा न्याय कानानेंच करावा लागतो.

या विद्येच्या प्रारंभींच एक मोठें अपयश उभें आहे. १८८१ सालच्या जुलैच्या २ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यांत आली. गोळी शरीरांत कोठें आहे हें कळेना. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें घाईघाईनें धातु शोधणारें विद्युद्यंत्र तयार करून रुग्णाच्या अंगावरून फिरविलें. गोळी सांपडली नाहीं. अंथरुणाखालील पोलादी स्प्रिंगांनीं यंत्राचा स्वर बिघडविला होता, आणि वैद्यांनीं शोधावयास दिलेली बाजूहि चुकीची होती. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष मरण पावले. परंतु यंत्र खोटें नव्हतें. पुढें १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागेपर्यंत शस्त्रवैद्यांना त्याचा उपयोग झाला. दुसऱ्या महायुद्धांत पोलिश अधिकारी योझेफ कोसाट्स्की यानें सिद्ध केलेलें त्याच जातीचें यंत्र १९४२ सालीं एल अलामेनच्या रणांत भूसुरुंग हुडकण्यास कामीं आलें. ज्या यंत्राची पहिली मोठी परीक्षा नापास होण्यांत गेली, त्याचे उपासक एखाद्या दिवसाच्या अपयशानें खचत नाहींत, हें योग्यच होय.

आतां शोधकाच्या कानांत काय घडतें तें पाहावें. समोर समुद्राची गाज, पण हेडफोनमुळें ती दूर गेलेली. कानांत एक अखंड बारीक गुणगुण. अकस्मात् त्या गुणगुणींत एक गोल, मृदु स्वर येतो. उलट दिशेनें वेटोळें फिरविलें तरी तो तसाच राहतो. येथें गंमत अशी, कीं पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी या दोहोंचा स्वर जवळजवळ सारखा असतो. कचरा टाळावा म्हणून कडीचा स्वर यंत्रांतून बाद केला, तर अंगठीहि बाद होते. म्हणून ज्याला सोनें हवें त्यानें शंभर कड्या उपसण्याची तयारी ठेविली पाहिजे. स्वर ऐकल्यापासून वाळू चाळून होईपर्यंतचे जे दोन क्षण, त्या क्षणांत वाळूखालील वस्तु अंगठीहि असते आणि कडीहि असते. लहान मूल मूठ पुढें करून ‘ओळख पाहूं, काय आहे?’ असें विचारतें, तेव्हां मुठींत शेंगदाणा निघाला तरी खेळ फुकट गेला असें कोणास वाटत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार आहे.

परंतु एवढ्यावरच थांबलें, तर जुगाऱ्याची आशा आणि शोधकाची आशा यांत भेद उरणार नाहीं. जुगारीहि पुढच्या पानाची अशीच वाट पाहतो. भेद येथें आहे: जुगाऱ्याला कालच्या डावानें आजचें कांहीं शिकविलें नाहीं, शोधकाला कालच्या कोऱ्या दिवसानें शिकविलें. समुद्र वस्तूंची वांटणी आंधळेपणानें करीत नाहीं. शांत ऋतूंत मंद लाटा वाळू किनाऱ्यावर आणून रचतात, आणि जुन्या वस्तु खोल गाडल्या जातात. वादळी लाटा हीच वाळू ओढून नेतात. मग पुळणीला उभा कडा पडतो आणि खालचा टणक थर उघडा होतो. साधी वाळू पाण्याच्या सुमारें अडीचपट जड, रुपें साडेदहापट, तर सोनें एकोणीसपट. म्हणून लाटेचा जोर जेथें मावळतो तेथें हलकें पुढें जातें व जड मागें राहतें. वाळूवर काळ्या खनिजकणांच्या रेघा दिसल्या, कीं जड वस्तु टाकून देण्याची समुद्राची ती जागा आहे असें जाणता शोधक ताडतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू ज्यांनीं पाहिली असेल, त्यांनीं ही निवड प्रत्यक्षच पाहिली आहे. मात्र तिचा अर्थ थोड्यांनींच लावला असेल.

कचराहि बोलका असतो. डब्यापासून तुटून हातांत येणारी कडी अमेरिकेंत १९६० च्या दशकांत प्रचारांत आली, आणि डब्यालाच चिकटून राहणारी कडी १९७५ सालीं निघाल्यावर हळूहळू मागें पडली. तेव्हां एखाद्या थरांत त्या जुन्या सुट्या कड्याच निघूं लागल्या, तर ती वाळू अर्धशतकांत फारशी हललेली नाहीं असें अनुमान करतां येतें. नुसत्या हलक्या वस्तु निघाल्या, तर जड वस्तु दुसरीकडे बसल्या असल्या पाहिजेत. कांहींच निघालें नाहीं, तर नवी वाळू येऊन पडली आहे. चांगले शोधक या गोष्टी वहींत टिपून ठेवतात: तिथि, भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, पुळणीचा उतार, आणि काय निघालें किंवा निघालें नाहीं. अशा वहींत कोऱ्या दिवसाचीहि एक ओळ असते, आणि ती ओळ निरर्थक नसते. नकाशावर ‘येथें विहीर नाहीं’ हें ठाऊक असणाऱ्या माणसाचे पाय कमी शिणतात.

येथें या छंदाचें मर्म हातीं लागतें. जो केवळ सोन्यासाठीं जातो त्याचा दिवस सोनें मिळालें तरच सार्थकीं लागतो. आणि तसे दिवस थोडे, म्हणून तो दोनचार महिन्यांत यंत्र विकून मोकळा होतो. जो किनारा वाचावयास जातो त्याला पुस्तक रोज उघडें असतें. पहाटेची हवा, पायांखालची ओली वाळू, दोनतीन तासांची चाल, आणि घरच्या विवंचना शिरूं न देणारी कानांची एकाग्रता, हें तर त्याला मिळतेंच. शिवाय कालच्यापेक्षां आज अधिक कळलें हें समाधान मिळतें. आणि नशिबाची थट्टा पाहावी, कीं सोनें सांपडण्याचा संभव याच दुसऱ्या माणसाला अधिक असतो. कारण तो टिकून राहतो, आणि कोठें शोधूं नये हें त्याला ठाऊक झालेलें असतें.

रिकाम्या हातांनीं परतणारा शोधक किनाऱ्याचें कांहीं देणेंहि फेडून येतो. त्याच्या पिशवींतील गंजके खिळे, गळ आणि कांटेरी पत्रे उद्यां अनवाणी धांवणाऱ्या मुलांच्या पायांत गेले असते. कांहीं शोधक तर स्नान करतांना हरवलेली विवाहाची अंगठी परत मिळवून देण्यासाठींच आपलें यंत्र घेऊन जातात. मात्र या छंदाला शिस्त हवी. उपसलेला खड्डा तेव्हांच्या तेव्हां बुजविला पाहिजे. ज्या फ्लॉरिडाच्या किनाऱ्याचें वर्णन वर आलें, त्याच किनाऱ्याच्या एका भागावर लॉगरहेड जातीच्या कासवांसाठीं १९९१ सालीं अभयारण्य स्थापन झालें आहे. मार्च ते ऑक्टोबर हा तेथील विणीचा हंगाम. अंड्यांतून निघालेलें इवलेंसें पिल्लू समुद्राकडे धांवतांना एखाद्या उघड्या खड्ड्यांत पडलें, तर तेथेंच सूर्य त्याचा घात करतो. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांचीं पिल्लें समुद्रांत जातांना ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको.

कायद्याचेंहि भान हवें. फ्लॉरिडांत बुडालेल्या जहाजांच्या जागीं पाण्यांत उतरून शोध करणें परवानगीवांचून चालत नाहीं. भारतांत तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आजहि लागू आहे. भूमींत दडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक मोलाचा असेल, तर सांपडणाऱ्यानें जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. पुरातन वस्तूंसाठीं १९७२ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि संरक्षित स्थळीं खणणें हा गुन्हा होय. हे निर्बंध जाचक वाटण्याचें कारण नाहीं. वॅग्नरच्या नाण्यांनीं जहाजांचा पत्ता सांगितला तो सोन्याच्या मोलामुळें नव्हे, तर त्यांवर कोरलेल्या सालांमुळें आणि तीं ज्या जागीं मिळालीं त्या जागेमुळें. जागेची नोंद न ठेवतां उचललेलें नाणें म्हणजे पुस्तकांतून फाडून काढलेलें पान.

मुंबईच्या किंवा कोंकणच्या किनाऱ्यावर फिरावयास जाणाऱ्या कुटुंबांजवळ असें यंत्र नसेल, आणि तें असण्याची आवश्यकताहि नाहीं. पावसाळ्याच्या आधीं आणि नंतर एकाच पुळणीचा उतार पावलांनीं मोजून पाहावा. अमावास्येच्या उधाणाची खूण कोठवर आली हें मुलांकडून शोधवावें. काळ्या वाळूच्या रेघा कोणत्या वळणावर जमतात हें टिपून ठेवावें. साधा लोहचुंबक त्या वाळूवरून फिरवून कोणते कण चिकटतात तें पाहावें. घरीं परततांना कोणाच्या हातांत कांहीं नसेल. पण पुढच्या खेपेस तीच मुलें किनाऱ्यावर पोहोंचतांच आधीं पाण्याकडे न धांवतां, मागील खूण कोठें गेली हें शोधूं लागलीं, तर ती खेप व्यर्थ गेली असें कोण म्हणेल?